पुठ्ठ्यावरचा थेंब

गुरुवारी सकाळी कामावर निघताना तिनं वाकून गाडीखाली पाहिलं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा तिनंच आदल्या संध्याकाळी इंजिनाखाली सरकवून ठेवला होता, आणि त्यावर आज पुन्हा थेंब होता. एकच. शर्टाच्या बटणाएवढा, काळा, कडेनं पिवळट पसरलेला. पाच आठवड्यांत ही तिसरी खेप. तिनं बोट लावलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं, नाकाशी नेलं, आणि वास येताच तिला म्हातारा आठवला. म्हातारा म्हणजे तिचे सासरे. तोंडानं ती बाबा म्हणायची, पण मनात ते कधीचेच म्हातारा होऊन बसले होते. गॅरेज बंद करून त्यांना सोळा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या मानेला, कानामागे, नखांच्या कडांना हाच जळक्या ऑईलचा वास होता, आणि हल्ली त्यात दुसरा एक वास मिसळला होता. तो कसला ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती ज्या प्रयोगशाळेत नोकरी करायची तिथं रोज सकाळी दहाच्या आत लघवीच्या चाळीस बाटल्या तिच्या हाताखालून जायच्या. रविवारी म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात पोचवायचं होतं, चार तासांचा रस्ता, आणि व्यवस्थापकबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की या रविवारी आला नाहीत तर खोली दुसऱ्याला जाईल. आणि गाडी गळत होती. तिनं बोट पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला पुसलं, मग रुमालाला पुसलं, मग तो रुमालच कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला.

गंमत म्हणजे कामावर तिला कशाची म्हणजे कशाची किळस वाटत नसे. कोमट बाटल्या, झाकणाशी ओघळलेले थेंब, थुंकी, रक्त, काय वाटेल ते. हातमोजे चढवले की ती सगळी नुसती नमुन्यांची रांग व्हायची, प्रत्येकावर आकडा आणि चिकटवलेली चिठ्ठी. नव्या आलेल्या मुली नाक मुरडायच्या, तेव्हा ती त्यांना म्हणायची, "अगं, माणसाच्या आतलंच आहे ते, बाहेरून थोडंच आलंय!" आणि हीच बाई घरी बाथरूमच्या दाराशी फरशीवर ओला ठिपका दिसला की दात आवळून उभी राहायची. म्हातारा तो ठिपका पायानं पुसायचा. अंगठ्याखाली फडकं धरून, भिंतीला हात टेकून, हळूहळू, कुणी पाहत नाही असं समजून. ते तिला ठिपक्यापेक्षा जास्त घाण वाटायचं. चार महिन्यांपूर्वी कपडे धुण्याच्या मशीनमागून वास येऊ लागला म्हणून तिनं मशीन ओढलं, तर मागं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं. आत ओल्या चड्ड्या, तीन, घट्ट दाबलेल्या. आणि पुडक्याला दोरा नव्हता, तांब्याची बारीक तार होती, टोकं दोनदा पीळ देऊन आत वळवलेली, कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. लपवतानासुद्धा कारागिरी! त्या पिळाकडे बघून तिच्या मस्तकात तिडीक गेली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आली ती ओकारी. त्याच रात्री जेवताना तिनं विषय काढला. तिकडे डॉक्टर असतो, बरोबरीची माणसं असतात, बाग आहे. म्हातारा घास चावत राहिला, मग म्हणाला, "चालेल की." नवरा ताटात बघत होता. त्यानं ना हो म्हटलं, ना नाही. मूग गिळून बसला, आणि घरात त्याचं मूग गिळणं म्हणजे होकार, असा आजवरचा रिवाज होता.

नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. पेन्सिलीला टोक काढून झालं की बोटं झटकणारा माणूस. गॅरेजमध्ये लहानाचा मोठा झाला, पण आयुष्यात कधी त्यानं चाक बदललं नव्हतं. पंक्चर झालं तर रस्त्याच्या कडेला उभा राहून फोन लावायचा. म्हातारा त्याला अजून छोट्या म्हणायचा, सेहेचाळीस वर्षांच्या घोड्याला. मुलगी बघायला आला तेव्हा तिनं त्याचे हात पाहिले होते, गोरे, लांब बोटांचे, नखं अशी की ताटात ठेवावीत, आणि गॅरेजवाल्याचा मुलगा असून असे हात म्हणून तिला तेव्हा कौतुक वाटलं होतं. होकार दिला तो त्या हातांना, असं ती पुढं मैत्रिणींना हसत सांगायची. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला बसली तेव्हा समोर म्हाताऱ्याचे हात होते, भेगांत काळं बसलेले, आणि तिनं ठरवून नजर नवऱ्याच्या हातांवर ठेवली होती. वीस वर्षं ती तशीच ठेवत आली होती.

गळती सुरू झाली ती खरीखुरी होती, त्यात कुणाचं काही नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी, निघायच्या आदल्या दिवशी, गाडीखाली चांगला बशीएवढा डाग पडला होता. नवरा म्हणाला, "अशा गाडीनं घाट चढायचा? मधेच इंजिन बसलं तर?" ती म्हणाली, टॅक्सी करू. त्यावर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं म्हाताऱ्याला पोत्यात घालून पाठवायचं म्हटलं होतं. "बापाला टॅक्सीत घालून पाठवू? लोक काय म्हणतील?" झालं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची रबरी पट्टी. ती वाळून कडक झाली होती. डाग थांबला. नवी तारीख ठरली, आणि तिच्या दोन दिवस आधी पुन्हा थेंब. या वेळी गॅरेजवाला म्हणाला, चेंबरचा नट ढिला आहे. इंजिनाच्या तळाशी ऑईलची टाकी असते तिला चेंबर म्हणायचं, आणि जुनं ऑईल काढायला तिच्या बुडाला एक नट. त्यानं आवळून दिला, नवा वायसर घातला, म्हणाला, "रस्ते बघा ना ताई, खड्ड्यांनी होतो ढिला." नवऱ्यानं मान डोलावली, खड्ड्यांवर पाच मिनिटं बोलला. आणि आता हा तिसरा थेंब.

शुक्रवारी सकाळी पुठ्ठा कोरडा होता. आदल्या रात्री घातलेला नवाकोरा पुठ्ठा, एक शिंतोडा नाही. ती पुठ्ठ्याकडे बघत उभी राहिली. गुरुवारी आहे, शुक्रवारी नाही. प्रयोगशाळेत असं झालं की ती यंत्राला दोष देत नसे. येतो-जातो तो बिघाड नसतो, तिथं कुणाचा तरी हात असतो, हे तिला पंचवीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. आणि घरात हात कुणाचा असणार? दिवसभर घरात असतो कोण? पाने-हातोड्यांची, कुलूप लावलेली लोखंडी पेटी पलंगाखाली ठेवून झोपतो कोण? तोंडानं "चालेल की" म्हणायचं आणि मागून नट ढिला करून यायचं! तिला राग यायला हवा होता, पण जे वाटलं ते रागापेक्षा गोड होतं, आणि त्या गोडीचीही तिला शिसारी आली. आता पकडू, एवढंच तिच्या मनात होतं. त्या दिवशी तिची अर्धी रजा होती. दुपारी ती म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, चला खाली. गळती शोधू. तुमच्याशिवाय कोण शोधणार?" आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिली.

चेहरा उजळला. एवढंच झालं. म्हातारा स्टूल घेऊन खाली आला, बॉनेटसमोर बसला, आणि त्याचा आवाजच बदलला. "आधी धू. मळक्या इंजिनात गळती शोधायची नसते. ऑईल सुटतं वरून, सरकत सरकत जातं, आणि पडतं भलतीकडूनच. थेंबावर विश्वास ठेवू नये माणसानं." तिनं रॉकेलमध्ये जुना ब्रश बुडवून इंजिन घासलं. कडांना साचलेला चिखल सुटत होता, काळा, चिकट, त्यात केस, पानांचा चुरा, कुठलासा मेलेला किडा. हातमोज्यांतूनही तो गिळगिळीतपणा लागत होता. म्हातारा बोटानं दाखवत होता: इथं, त्या नळीमागं, फिल्टरच्या गळ्याशी, हां, आता चेंबरच्या कडेनं. मग फडक्यानं कोरडं पुसून घेतलं, आणि मग पावडर. अंगाला लावायची साधी पांढरी पावडर, डबाभर, सगळ्या सांध्यांवर, आणि आडवं होऊन चेंबरच्या बुडालासुद्धा. "आता सुटलं की काळी रेघ उमटणार. जिथं रेघ सगळ्यात वर, तिथं चोर." पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. गरम रॉकेलच्या वासानं तिचं डोकं दुखायला लागलं. दोघांनी बॅटरी मारून वरून खालपर्यंत पाहिलं. सगळं पांढरंशुभ्र. एक रेघ नाही. "गळत नाही ही," म्हातारा म्हणाला. "उत्तम आहे इंजिन. अजून लाखभर किलोमीटर कुठं गेलं नाही." आणि हे म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, फडक्याची घडी घालत राहिला. साळसूद, तिच्या मनात आलं. बघू उद्या.

शनिवारी उजाडताच ती खाली गेली. पुठ्ठ्यावर थेंब होता. तिनं गाऊनवर जुना कोट चढवला होता, तशीच फरशीवर आडवी झाली, बॅटरी घेऊन डोकं गाडीखाली घातलं. वरपासून खालपर्यंत पावडर जशीच्या तशी, फक्त चेंबरच्या नटाभोवती पुसलेली, आणि नटाच्या टोकाला ओलं, लोंबणारं, पडू की नको करणारं पुढच्या थेंबाचं बोंड. नटाच्या कडांवर ताजे ओरखडे होते, चकचकीत, बारीक दात उमटलेले. सापडलं. ती धावतच वर गेली. नवरा झोपला होता. म्हातारा उठून बसला होता, चहाची वाट बघत. "बाबा, जरा खाली चला," ती म्हणाली, आणि तो मुकाट्यानं चपला शोधू लागला. जिन्यात त्याला एकेक पायरी उतरायला लागणारा वेळ तिला सहन होईना. पुठ्ठ्यावर त्याला आडवं व्हायला तिनं मदत केली नाही. बाजूला वाकून तिनं फक्त बॅटरी धरली. "तो नट बघा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं पाहिलं आणि त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या. ओठाचा कोपरा खाली ओढला गेला. काहीतरी सडलेलं तोंडासमोर आल्यावर होतं तसं तोंड. वीस वर्षांत तिनं त्याच्या तोंडावर असं काही पाहिलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या तोंडावर मात्र ते रोज असायचं, बाथरूमच्या आरशात. "ही पक्कड कुणी लावली?" तो खेकसला. आवाज गॅरेजमधला, चारचौघांना हाकणारा. "चेंबरच्या नटाला पक्कड? पाने काय मेले होते सगळे? कडा खाल्ल्या सगळ्या! कुठला गाढव..." आणि तो मधेच थांबला. बॅटरीच्या उजेडात तिला त्याचा एकच डोळा दिसत होता. त्या डोळ्यात काय चाललंय ते तिला कळलं, कारण तेच तिच्याही डोक्यात चाललं होतं. हा माणूस मेला असता तरी नटाला पक्कड लावली नसती. पक्कड घरात एकच होती, स्वयंपाकघराच्या खणात, आणि घरात पाना आणि पक्कड यांतला फरक न कळणारं माणूसही एकच होतं.

"मीच लावली असेन," म्हातारा हळूच म्हणाला. "हल्ली लक्षात राहत नाही."

"बाबा, खोटं बोलू नका."

त्यानं अंगठ्यानं नटाच्या खाल्लेल्या कडा चाचपल्या. मग म्हणाला, "परवा दुपारी मी आवळला होता. पान्यानं, वाकून, नुसतं चाचपून; कडा काही दिसल्या नाहीत. तू कामावर होतीस. मागच्या खेपेलाही ढिला निघाला होता, पण तेव्हा गॅरेजवाल्यानंच आवळला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नट काय आपण होऊन पाव फेरा मागं येतो, सूनबाई?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" तो हसला, तसाच उताणा पडून. "पोराला वाटतंय बापानं राहावं. तोंडानं म्हणता येत नाही त्याला, लहानपणापासूनच तसा आहे तो. पण खाली येऊन, हात काळे करून गेला ना! छोट्यानं हात काळे केले! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढं पुरे झालं. पण राहायचं नाही मला. तुला त्रास होतो तो दिसतो की. अगं, मला माझाच वास येतो. तू त्याला यातलं काही बोलू नकोस. दुकानं उघडली की नवा नट आण, मी बसवतो."

त्याला उठता येईना. तिनं काखेत हात घालून ओढलं, तेव्हा त्याचा सगळा भार तिच्या छातीवर आला, आणि पायजम्याचा ओला भाग तिच्या मनगटाला लागला. थंड. हातमोजे नव्हते. किळस जशीच्या तशी होती, रतीभर कमी झाली नव्हती. म्हाताऱ्याच्या चांगुलपणानं वास काही जात नाही. पण त्याच्याबरोबर दुसरंही काही तिच्या आत हललं होतं, आणि त्याला घेऊन जिना चढताना, प्रत्येक पायरीवर थांबताना, तिनं मनाशी ठरवून टाकलं. नवऱ्यानं एक शब्द बोलावा. राहू दे, एवढा एकच शब्द. तो बोलला की आपण फोन करून खोली सोडून द्यायची. वासाचं बघू. लोक बघतातच ना काहीतरी. आणि नवऱ्याबद्दलही तिला क्षणभर माया वाटली, अंधारात पक्कड घेऊन फरशीवर लोळणाऱ्या त्या स्वच्छ हातांच्या माणसाबद्दल. भित्रा खरा, पण बापावर जीव आहे, असं तिला वाटलं, आणि तसं वाटून घेणं तिला आवडलं.

दुपारी म्हाताऱ्यानं नवा नट बसवला, नवा वायसर घालून, आणि आंघोळ करून, भांग पाडून जेवायला आला. तिघं बसले. नवऱ्यानं विचारलं, "काय मग, सापडली का गळती?" अगदी सहज, पाण्याचा पेला उचलता उचलता. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखाखाली काळी रेघ होती, केसाएवढी. तिनं ती पाहिली, आणि तिनं पाहिली हे त्यानं पाहिलं.

"सापडली," ती म्हणाली. "चेंबरचा नट. कुणीतरी पकडीनं ढिला करत होतं."

नवऱ्यानं पेला खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हातारा घाईघाईनं म्हणाला, "अरे, मीच तो. विसरतो हल्ली. ते जाऊ दे, आता पक्का बसवलाय, गळायचा नाही. उद्याचं काय ते ठरवा." आणि सवयीनं त्यानं तिच्याकडे पाहिलं. नवऱ्यानंही तिच्याकडे पाहिलं. दोघांची नजर तिच्यावर, आता ही बोलेल आणि आपण सुटू, अशी. वीस वर्षं या घरातली प्रत्येक वाईट गोष्ट तिच्याच तोंडून वदवून घेतली होती.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "तुमच्या मुलाला विचारा. आज त्यानंच सांगायचं. जायचं की नाही, तो म्हणेल तसं. मी ब्र काढणार नाही."

म्हातारा मुलाकडे वळला. त्याच्या तोंडावर हसू होतं, बारीकसं, आतल्या आत दाबलेलं, उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाचं. तो जायलाच तयार होता. त्याला फक्त ऐकायचं होतं. नवऱ्यानं ताटातला घास गोळा केला, परत मोडला. घड्याळाकडे पाहिलं. मग अंगठ्यानं ते नख झाकून घेत म्हणाला, "सातला निघू. लवकर निघालं की अंधार पडायच्या आत परत येता येईल."

हसू म्हाताऱ्याच्या तोंडावर तसंच राहिलं, काढून घ्यायचं सुचलं नाही म्हणून. तिला सगळं कळलं. हा बापाला ठेवायला नट ढिला करत नव्हताच. याला फक्त त्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरायचं नव्हतं, त्या दारात गाडी उभी करायची नव्हती, उतरा म्हणायचं नव्हतं. बाप आपण होऊन मेला असता, किंवा तिनं टॅक्सीत कोंबून नेला असता, तर यानं दोन दिवस हळहळून पेन्सिलीला टोक काढलं असतं. आणि आता पकडला गेला, तर लाज झाकायला तोच म्हणतोय, निघू. तिला नवऱ्याच्या बोटांची शिसारी आली, त्या झाकलेल्या नखाची, मोडलेल्या घासाची. म्हाताऱ्याच्या त्या लटकलेल्या हसण्याचीही आली. आणि मग स्वतःची, कारण राहू दे हा शब्द तिलाही बोलता येत होता. जिभेवर आला होता. समोरून वास आला, आंघोळीच्या साबणाखालून, ऑईलचा आणि त्या दुसऱ्याचा, आणि शब्द जिथल्या तिथं बसला. तिनं तोंड उघडलंच होतं म्हणून विचारलं, "वाटेत खायला डबा किती जणांचा घेऊ?"

"जाताना तिघांचा," म्हातारा म्हणाला. "येताना दोघांचा. मोजून घे, उगीच उरेल."

तिनं मान हलवली आणि डबे काढायला ओट्याकडे वळली.